फळ्यापर्यंतची वाट

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बर्नार्ड्स टाउनशिप नावाचा भाग आहे. तिथल्या सरकारी शाळांत पॉल ग्रॉसमन १९५७ पासून संगीत शिकवत होते. प्राथमिकच्या मुलांना गाणं शिकवायचं, हे त्यांचं काम. नोकरी कायम झालेली होती. घरी पत्नी आणि तीन मुली होत्या. १९७१च्या मार्चमध्ये त्यांनी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढचं आयुष्य पॉला ग्रॉसमन या नावाने, स्त्री म्हणून जगायचं ठरवलं. शाळेचं वर्ष जूनमध्ये संपत होतं. ते वर्ष त्यांनी जुन्याच नावाने आणि पुरुषी कपड्यांत पूर्ण केलं. नव्या वर्षी मात्र पॉला म्हणूनच वर्गात येणार, असं त्यांनी शाळेला कळवलं.

शाळा मंडळाने त्यांच्यापुढे एक तडजोड ठेवली. प्राथमिक शाळेतल्या कायम नोकरीचा राजीनामा द्यायचा, नव्या नावाने शिक्षकाचं प्रमाणपत्र काढायचं आणि मोठ्या मुलांच्या हायस्कुलात एका वर्षाच्या करारावर संगीत शिकवायचं. चौदा वर्षांची सेवा सोडून एका वर्षाचा करार घ्यायला ग्रॉसमन तयार झाल्या नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांना निलंबित करण्यात आलं आणि आरोपपत्र राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे गेलं.

त्या आरोपपत्रातून पुढच्या पन्नास वर्षांचे सगळे वाद सुरू झाले. शिक्षकाला न शोभणारं वर्तन हा त्यातला एक आरोप होता. १९७२ मध्ये निर्णय देताना आयुक्तांनी तो मान्य केला नाही. शस्त्रक्रिया करून घेणं हे गैरवर्तन ठरत नाही, असं त्यांचं मत पडलं. शिकवण्याच्या कौशल्याबद्दल तर वादच नव्हता. तरीही नोकरी गेली, आणि ती ‘अक्षमता’ या कलमाखाली गेली. या बाई वर्गात उभ्या राहिल्या तर मुलांच्या मनावर विपरीत परिणाम होण्याची शक्यता आहे, म्हणून त्या शिकवायला अक्षम आहेत, असा तो युक्तिवाद होता. दोन्ही बाजूंनी मानसोपचारतज्ज्ञ उभे राहिले. लहान मुलं स्वतःच्याच लिंगाबद्दल गोंधळतील, असं एका बाजूचे तज्ज्ञ म्हणाले. असं काही होणार नाही, असं दुसऱ्या बाजूचे म्हणाले. पॉला म्हणून ग्रॉसमन एक तासही वर्गात उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यामुळे कोणा मुलाला काही झाल्याचा पुरावा असणं शक्यच नव्हतं. निर्णय उभा राहिला तो ‘शक्यता’ या एका शब्दावर.

१९७४ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ग्रॉसमन मग केंद्रीय न्यायालयात गेल्या. नोकरीत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा १९६४चा नागरी हक्क कायदा तोवर अमलात होता. न्यायाधीशांनी १९७५ मध्ये जे कारण दिलं ते वाचून आजही थबकायला होतं. या बाईंना स्त्री म्हणून काढलेलं नाही, पुरुषाची स्त्री झाल्या म्हणून काढलं आहे, आणि कायद्याचं संरक्षण पहिल्या प्रकाराला आहे, दुसऱ्याला नाही, असं त्यांनी ठरवलं. वरच्या न्यायालयाने तेच उचलून धरलं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

त्याच १९७४ साली, जानेवारीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या आणखी एका प्रकरणाचा निकाल दिला होता. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडच्या शाळा मंडळाचा एक नियम होता. गरोदर शिक्षिकेने बाळंतपणाच्या पाच महिने आधीच बिनपगारी रजेवर जायचं. जो ला फ्लूर नावाच्या शिक्षिकेने या नियमाला आव्हान दिलं आणि त्या जिंकल्या. हा नियम झाला तेव्हा मंडळाच्या मनात काय होतं, तेही त्या खटल्यात पुढे आलं. पोट दिसू लागलेली शिक्षिका मुलांच्या नजरेला पडू नये, मुलांनी तोंडावर हात ठेवून हसू नये, हीसुद्धा त्यामागची एक धडपड होती. म्हणजे गरोदर बाई आणि लिंग बदललेली बाई, दोघींपासून मुलांना वाचवायचं होतं. पहिलीच्या बाबतीत न्यायालयाला ही भीती पोकळ दिसली. दुसरीच्या बाबतीत तसं दिसायला आणखी पाव शतक लागणार होतं.

ग्रॉसमन यांच्या प्रकरणाचं शेवटचं पान १९७८चं आहे. ज्या राज्याने त्यांना शिकवायला ‘अक्षम’ ठरवलं, त्याच राज्याच्या शिक्षक निवृत्तिवेतन निधीकडे त्यांनी अपंगत्वाची पेन्शन मागितली. निधीने नाकारली. अपील न्यायालयाने मात्र ती मंजूर केली. अक्षमतेचं कारण देऊन काढलं असेल, तर अक्षमतेचं निवृत्तिवेतनही द्यावं लागेल. पोटापुरता हा निकाल बरा होता. पण एका धडधाकट, हाती कला असलेल्या शिक्षिकेला जगण्यासाठी स्वतःवरचा अक्षमतेचा शिक्का मान्य करावा लागला, हे त्या निकालातलं खरं दुःख आहे. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं. सरकारी शाळेतल्या आपल्या वर्गात त्या परत कधी गेल्या नाहीत.

वर्गात कोण उभं राहू शकतं, हा प्रश्न काही ट्रान्सजेंडर शिक्षकांपासून सुरू झालेला नाही. इंग्लंडमध्ये लग्न झालं की शिक्षिकेने नोकरी सोडायची, हा दंडक कित्येक शिक्षण मंडळांत होता. तो कायद्याने बंद झाला १९४४ मध्ये. आपल्याकडे तर हे कोणाला वेगळं सांगायला नको. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड पडले. शिकवणारी व्यक्ती बाई आहे आणि कोणत्या जातीची आहे, एवढंच लोकांना दिसत होतं. मुलांच्या, संस्कारांच्या, धर्माच्या काळजीची भाषा तेव्हाही वापरली गेली होती. ही तुलना इथे करावी लागते, कारण त्या भाषेचे शब्द फारसे बदललेले नाहीत.

ग्रॉसमन न्यायालयाच्या पायऱ्या चढत होत्या, तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात आणखी एक शिक्षक त्याच वाटेवर होते. ओकलंड आणि बर्कली यांच्या मध्ये एमेरीव्हिल नावाचं लहानसं शहर आहे. तिथल्या एमेरी हायस्कूलमध्ये ते शारीरिक शिक्षण शिकवत. तेव्हा ते स्त्री म्हणून ओळखले जात, आणि त्यांच्या कामाचा गौरवही झालेला होता. रजा घेऊन त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि १९७६ मध्ये स्टीव्ह डेन या नावाने ते शाळेत परतले. शाळेच्या अधिकाऱ्यांनी पोलीस बोलावले. मुलांसमोरच, शांतताभंगाच्या आरोपाखाली, त्यांना अटक झाली.

मुलांच्या मनावर परिणाम होईल म्हणून शिक्षकाला दूर ठेवायचं, असा सगळा युक्तिवाद. आणि स्वतःच्या शिक्षकाला पोलीस घेऊन जाताना मुलांनी पाहिलं तर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला नाही.

डेन न्यायालयात लढले आणि जिंकले. ग्रॉसमन यांना मिळाला नाही तो न्याय त्यांना मिळाला. पण जिंकूनही शाळेत शिकवणं त्यांच्या वाट्याला पुन्हा आलं नाही. पुढे ते कायरोप्रॅक्टर झाले, म्हणजे मणक्याचे आणि सांध्यांचे उपचार करू लागले. आपल्यासारख्याच वाटेवर निघालेल्या तरुणांना सल्ला देणं, धीर देणं हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्या पिढीतले ट्रान्सजेंडर पुरुषांचे एक महत्त्वाचे कार्यकर्ते लू सलिव्हन यांनाही त्यांचा आधार मिळाला होता. २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने डेन गेले. या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, आणि डेन यांच्या आयुष्यात ती सर्वांत उघडी आहे: निकाल हाती आला तरी वर्ग हाती येतोच असं नाही.

त्या काळात कॅलिफोर्नियाच्या शाळांभोवती वातावरणही तापलेलं होतं. १९७८ मध्ये तिथे एक सार्वमत झालं. समलिंगी शिक्षकांना आणि त्यांची बाजू उघडपणे घेणाऱ्यांना सरकारी शाळांतून काढता यावं, असा तो ब्रिग्ज प्रस्ताव. लिंगभाव आणि लैंगिक कल या वेगळ्या गोष्टी आहेत, पण ‘मुलांना वाचवा’ ही हाक एकच होती. मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. जवळपास ५८ टक्के मतं विरोधात पडली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, परंपरावादी रोनाल्ड रेगनसुद्धा त्या प्रस्तावाच्या विरोधात उभे राहिले होते.

कायद्याचं दार पहिल्यांदा नीट उघडलं ते युरोपात, आणि योगायोग असा की तेही एका शिक्षणसंस्थेतल्या प्रकरणामुळे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगणा आहे. तिथल्या परगणा कौन्सिलच्या एका शिक्षणसंस्थेत १९९१च्या एप्रिलमध्ये एक व्यवस्थापक रुजू झाली. न्यायालयाच्या कागदांत तिचं नाव फक्त ‘पी’ असं आहे. रुजू झाल्यावर वर्षभराने तिने वरिष्ठांना सांगितलं की आपण लिंगबदलाच्या प्रक्रियेतून जाणार आहोत. डॉक्टरांच्या सल्ल्याने स्त्री म्हणून राहून बघण्याचा काळ सुरू झाला. १९९२च्या उन्हाळ्यात पहिल्या शस्त्रक्रियांसाठी तिने आजारपणाची रजा घेतली. सप्टेंबरमध्ये नोटीस आली: ३१ डिसेंबरला नोकरी संपेल. मधल्या काळात स्त्रीवेशात कामावर यायचं नाही, असंही तिला सांगण्यात आलं.

प्रकरण ट्रुरो इथल्या औद्योगिक लवादापुढे गेलं. या प्रकरणात कौन्सिलच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा ग्रॉसमन यांच्या निकालाशी मिळताजुळता होता. स्त्री झालेल्या पुरुषाला काढलं, तसंच पुरुष झालेल्या स्त्रीलाही काढलं असतं. मग भेदभाव कुठे झाला? लवादाने हा प्रश्न लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. ३० एप्रिल १९९६ रोजी त्या न्यायालयाने उत्तर दिलं. लिंग बदलल्यामुळे एखाद्याला काढणं म्हणजे, त्या बदलाआधी ती व्यक्ती ज्या लिंगाची मानली जात होती त्या लिंगाच्या लोकांच्या तुलनेत तिला वाईट वागवणं, आणि हा लिंगाधारित भेदभावच आहे. तुलना कोणाशी करायची, एवढाच प्रश्न न्यायालयाने फिरवला, आणि तेवढ्यानेच सगळं उलटलं. ब्रिटनने १९९९ मध्ये आपले नियम त्यानुसार बदलले. माणूस म्हणून ‘पी’ कोण होती, हे जगाला कळलं नाही. पण युरोपातल्या ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना मिळालेल्या संरक्षणाची पहिली वीट एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत ठेवली गेली, हे विसरता कामा नये.

अमेरिकेत पुन्हा न्यू जर्सीचीच पाळी आली. मुलांच्या वर्तणूक आणि अध्ययन समस्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रातल्या कार्ला एनरिकेझ या डॉक्टरांचं प्रकरण २००१ मध्ये अपील न्यायालयापुढे आलं. भेदभावाविरुद्धचा राज्याचा कायदा लिंग बदललेल्या व्यक्तीलाही लागू होतो, असा निकाल तिथे लागला. अपील न्यायालय तेच, ज्याने सत्तावीस वर्षांपूर्वी ग्रॉसमन यांना परत पाठवलं होतं.

२००६ मध्ये ईगल्सवुड नावाच्या छोट्या गावात लिली मॅकबेथ यांचा प्रश्न उभा राहिला. वय ७१. त्या आधी बदली शिक्षक म्हणून पुरुषाच्या नावाने काम करत, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांनी नव्या नावाने पुन्हा अर्ज केला. काही पालक चिडले. शाळा मंडळाची सभा भरली आणि मंडळाने ४ विरुद्ध १ मतांनी त्यांना यादीत ठेवलं. त्याच डिसेंबरमध्ये राज्याच्या कायद्यात लिंगभावाचा उल्लेख स्पष्टपणे आला. पस्तीस वर्षांत एका राज्याने किती अंतर कापलं ते या मतदानात दिसतं. पण बदली शिक्षकाला शाळेने बोलावलं तरच काम असतं. यादीत नाव असूनही बोलावणी फारशी येईनात, तेव्हा मॅकबेथ यांनी शेवटी ते काम सोडलं.

देशभरासाठी निकाल लागला १५ जून २०२० रोजी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने सांगितलं की ट्रान्सजेंडर असल्याबद्दल एखाद्याला कामावरून काढणं १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या विरुद्ध आहे. म्हणजे ज्या कायद्याने आपल्याला संरक्षण द्यावं असं ग्रॉसमन म्हणत होत्या, त्याच कायद्याने. तो निकाल मिळवणाऱ्यांपैकी एक, एमी स्टीफन्स, अंत्यविधी संस्थेत काम करत असत. निकालाच्या महिनाभर आधी त्यांचा मृत्यू झाला होता.

नोकरी टिकली, तेव्हा वाद संबोधनावर आला. फ्लोरिडाने २०२३ मध्ये कायदा केला की जन्मावेळच्या लिंगाशी न जुळणारी सर्वनामं आणि संबोधनं सरकारी शाळेतल्या शिक्षकाने मुलांसमोर स्वतःसाठी वापरायची नाहीत. टॅम्पा शहर ज्यात येतं त्या हिल्सबरो परगण्यात गणित शिकवणारी एक शिक्षिका स्वतःच्या आडनावाआधी ‘मिस’ लावत असे. तिला सांगण्यात आलं, ‘मिस्टर’ लाव, नाहीतर ‘टीचर’ किंवा ‘कोच’ म्हणवून घे. तिने ‘टीचर’ निवडलं आणि खटला भरला. २०२४ मध्ये खालच्या न्यायालयाने तिला तात्पुरता दिलासा दिला. २०२५च्या जुलैमध्ये वरच्या न्यायालयाने तो काढून घेतला. वर्गात शिक्षक बोलतो ते सरकारचा नोकर म्हणून बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही यातली वेदना समजावी. आपल्याकडे शिक्षकाला नावाने हाक मारण्याची पद्धतच नाही. पहिलीच्या पोराच्या तोंडी एकतर ‘बाई’ असतं किंवा ‘सर’. त्या एका शब्दात शिक्षकाचं अख्खं अस्तित्व असतं. तो शब्दच सरकारने ठरवून दिला तर फळ्यासमोर उभं राहिलेलं माणूस कोण उरतं?

भारतात या गोष्टीची सुरुवात शाळेच्या कितीतरी आधी होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. त्यांची नोंदवही ठेवायची, नोंद झालेल्या व्यक्तीच्या घरात सोळा वर्षांखालचा मुलगा आढळला तर दोन वर्षांपर्यंत कैद. अशा व्यक्तीला अज्ञान मुलाचं पालकत्व घेता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. सुरुवातीला हा कायदा उत्तरेतल्या प्रांतांपुरता होता. पण तृतीयपंथी माणूस आणि मूल यांना एकत्र येऊ द्यायचं नाही, ही गोष्ट ज्या कायद्याने लिहून ठेवली तो कायदा इंग्रजांचा आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. आज ती आपली जुनी रीत असल्यासारखी सांगितली जाते.

त्या दूर ठेवण्याचा हिशेब २०११च्या जनगणनेत मिळतो. पहिल्यांदाच ‘इतर’ असा रकाना आला आणि देशात ४,८७,८०३ लोकांची तशी नोंद झाली. त्यातले ४०,८९१ महाराष्ट्रात होते. त्यांची साक्षरता देशाच्या तेव्हाच्या ७४ टक्क्यांपेक्षा बरीच कमी होती. ज्यांना शाळेतच टिकू दिलं नाही, त्यांच्यातून शिक्षक तरी किती निघणार?

तरीही निघाले. मानबी बंद्योपाध्याय पश्चिम बंगालमधल्या झारग्रामच्या महाविद्यालयात बंगाली शिकवत होत्या. २००३च्या सुमाराला त्यांनी लिंगबदल करून घेतला. त्यानंतर कागदोपत्री मान्यतेसाठी त्यांना बरीच वर्षं झगडावं लागलं. पुढे त्यांनी पीएचडी केली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांचा तो निकाल. त्यानंतर वर्षभराने, जून २०१५ मध्ये, मानबी कृष्णनगर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. देशातल्या पहिल्या ट्रान्सजेंडर प्राचार्य म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले. डिसेंबर २०१६ मध्ये सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थिनींच्या असहकाराचं कारण देत त्यांनी राजीनामा दिला. त्या बातमीला पहिलीइतकी जागा मिळाली नाही.

सरकारी शाळेतल्या शिक्षकाचं भारतातलं सर्वांत बोलकं प्रकरण राजस्थानातलं आहे. २०१३ मध्ये महिला प्रवर्गातून शारीरिक शिक्षणाचे एक शिक्षक भरती झाले. पुढे त्यांनी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली, लग्न केलं, संसार थाटला. सेवापुस्तकात मात्र जुनंच नाव आणि जुनंच लिंग. विभागाचं उत्तर असं, की नेमणूक महिला म्हणून झाली आहे, लिंगबदल दिवाणी न्यायालयाकडून जाहीर करून आणा. सेवापुस्तकातली नोंद चुकीची राहिली तर काय होतं, हे सरकारी नोकरीतल्या माणसाला विचारावं. वारस, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, सगळं त्या एका पुस्तकावर टांगलेलं असतं. २५ मे २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाचे न्या. अनुप कुमार ढंड यांनी शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्क संरक्षणाच्या २०१९च्या कायद्यानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र घ्यावं आणि त्याआधारे विभागाने नोंद बदलावी, असं ठरलं. स्टीव्ह डेनही शारीरिक शिक्षणाचेच शिक्षक होते. सत्तेचाळीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, त्याच विषयाच्या शिक्षकासाठी पोलिसांऐवजी सेवापुस्तक उघडलं गेलं.

महाराष्ट्रात असा प्रश्न शाळेआधी पोलीस दलात आला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावला महिला शिपाई असलेल्या ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. स्त्री आणि पुरुष शिपायांचे शारीरिक निकष वेगळे असल्याने खातं अडलं. उच्च न्यायालयाने त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. शेवटी २०१८ मध्ये राज्य सरकारने विशेष बाब म्हणून परवानगी दिली आणि ललित साळवे म्हणून त्यांची नोकरी चालू राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय द्यायला राज्य सरकार तयार झालं, तेही मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यानंतर. शेजारच्या कर्नाटकाने त्याआधीच, जुलै २०२१ मध्ये, सरकारी नोकऱ्यांत ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी एक टक्का जागा राखून ठेवल्या होत्या. संगमा या संस्थेने पोलीस भरतीबद्दल केलेल्या याचिकेचं ते फळ. पुढच्याच वर्षी १५,००० प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत तीन ट्रान्सजेंडर उमेदवारांची नावं निवड यादीत आली. पंधरा हजारांत तीन. आकडा लहान आहे, पण यातल्या कोणालाही नोकरीत शिरण्यासाठी आधी आपली ओळख लपवावी लागली नाही.

राखीव जागांचं कवच खासगी शाळेत नसतं. जेन कौशिक यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका खासगी शाळेने नेमलं आणि त्यांची ओळख कळल्यावर काही दिवसांतच त्यांची नोकरी गेली. पुढे गुजरातमधल्या दुसऱ्या एका शाळेने नेमणुकीचं पत्र दिलं आणि ओळख कळताच रुजू होऊ दिलं नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या पीठाने त्यांच्या याचिकेवर निकाल दिला. न्यायालयाने कौशिक यांना भरपाई दिलीच, शिवाय मोठा दोष सरकारांच्या पदरात टाकला. २०१९चा कायदा केला आणि मग तो अमलात आणायला काहीच केलं नाही, हाही भेदभावच आहे, असं सांगितलं. शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी मालकाची परवानगी घ्यायची गरज नाही, असंही नोंदवलं. अपवाद फक्त कामच लिंगओळखीवर बेतलेलं असेल तर. समान संधीचं धोरण तयार करण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

त्या २०१९च्या कायद्याच्या अकराव्या कलमात एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक आस्थापनेने तक्रार निवारणासाठी एक अधिकारी नेमायचा. आस्थापनेच्या व्याख्येत सरकारी शाळा येते, अनुदानित येते, ट्रस्टची खासगी शाळाही येते. हे वाचणाऱ्यांत कोणी मुख्याध्यापक असतील, कोणी संस्थाचालक, कोणी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून बसत असतील. पुढच्या सभेत एवढंच विचारावं: आपल्या शाळेत हा अधिकारी कोण आहे, आणि त्याचं नाव सूचनाफलकावर कधी लागणार?